गुबगुबीत अक्षरांमागचं काम

मराठीत गोल, गुबगुबीत, हाताने काढल्यासारखी अक्षरं कॉम्प्युटरवर मिळतात का? आणि मिळत असतील, तर सगळीकडे तीच का वापरू नयेत?

डीटीपीच्या दुकानात हे दोन्ही प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत असतात. बारशाची पत्रिका करायला आलेली आई म्हणते, "जरा गोडसं अक्षर टाका ना." बालवाडीच्या बाईंना फलक मुलांना आवडेल असा हवा असतो. आइस्क्रीमच्या दुकानदाराला पाटी 'एकदम मस्त' दिसायला हवी असते. फॉन्टचं नाव तिघांनाही ठाऊक नसतं, पण कोणत्या जातीचं अक्षर हवं आहे हे तिघांच्याही मनात पक्कं असतं. या प्रकरणात त्याच अक्षरांची गोष्ट आहे. ती घडतात कशी, देवनागरीत त्यांना इतका उशीर का लागला आणि ती कुठे शोभतात, हे एकेक करून पाहू.

१. मजकुराचं अक्षर, मथळ्याचं अक्षर

आधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. अक्षरांच्या कामात फॉन्टांचे ढोबळ दोन गट पडतात. पुस्तकाचं पान, बातमी, अर्ज, औषधाची माहिती यांसाठी मजकुराचे फॉन्ट असतात. तिथे वाचकाचं लक्ष अर्थाकडे राहावं, अक्षराच्या आकाराकडे जाऊ नये, अशी अपेक्षा असते. दुसऱ्या गटात मथळ्याचे किंवा डिस्प्ले फॉन्ट येतात. नाटकाचं नाव, दुकानाची पाटी, पाकिटावरचं ठळक नाव, मासिकाचं शीर्षक ही त्यांची जागा. इथे अक्षराने आधी नजर खेचायची असते, मग वाचायला लावायचं असतं. दोन-चार शब्दांपुरतं काम, पण ते मोठ्या आकारात.

फॉन्ट येण्याआधी मथळ्यांचं बरंचसं काम हातानेच व्हायचं. शिशाचे खिळे जुळवून पुस्तकं छापली जात, पण नाटकाच्या जाहिरातीतलं नाव चित्रकार काढून देत असे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या नावांना जी अक्षरं दिली, ती पाहून वृत्तपत्राचा वाचक नाटक गंभीर आहे की विनोदी, ऐतिहासिक आहे की घरगुती, हे ओळखत असे. प्रत्येक नावासाठी नवं अक्षर निघायचं. ते त्या एका नावापुरतंच असायचं, त्यातून दुसरं नाव लिहिता येत नसे. फॉन्टमध्ये नेमकं हेच बदलतं. एकदा तयार झालेल्या अक्षरांतून कोणालाही, कधीही, कोणताही शब्द लिहिता यायला हवा. हाताने काढलेल्या अक्षराचा जिवंतपणा टिकवून ही अट पाळणं किती अवघड आहे, ते पुढे दिसेल.

२. गोल आकार जवळचा का वाटतो?

जर्मन मानसशास्त्रज्ञ वुल्फगांग कोहलर याने १९२९ मध्ये एक साधा प्रयोग नोंदवून ठेवला. एक आकृती टोकदार, दुसरी गोलसर. 'ताकेते' आणि 'बालुबा' या दोन निरर्थक शब्दांपैकी कोणता कोणाचा, असा प्रश्न. लोक टोकदार आकृतीला 'ताकेते' म्हणत आणि गोलसर आकृतीला 'बालुबा'. २००१ मध्ये विलयनूर रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी 'किकी' आणि 'बूबा' हे शब्द घेऊन असाच प्रयोग मांडला. इंग्रजी बोलणारे असोत वा तमिळ, बहुतेक सगळ्यांनी गोल आकृतीला 'बूबा' म्हटलं. आकार डोळ्यांना दिसतो तेव्हा मन त्याच्याबरोबर आवाज आणि स्वभावही जोडत असतं, एवढं यातून कळतं.

२००६ मध्ये मोशे बार आणि माइटल नेटा यांनी लोकांना वस्तूंची चित्रं दाखवली. काही वस्तूंच्या कडा वळणदार होत्या, काहींच्या अणकुचीदार. लोकांची पसंती वळणदार वस्तूंकडे झुकली. त्याच्याही आधी, १९४३ मध्ये, कॉनराड लोरेन्झ याने बाळाच्या रूपाबद्दल मांडलं होतं. मोठं डोकं, फुगरे गाल, आखूड जाडसर हातपाय पाहिले की मोठ्या माणसाला माया वाटते, असं त्याचं म्हणणं होतं. जाड अंगाची, आखूड, टोकं बोथट असलेली अक्षरं पाहून 'किती गोड' हे शब्द सहज तोंडात येतात, त्यामागे यातलंच काही असावं. ग्राहक 'गोडसं अक्षर' मागतो तेव्हा तो अगदी नेमकं काही मागत असतो.

३. दोन परदेशी फॉन्टांची कथा

गोल, जाड अक्षरांचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे कूपर ब्लॅक. शिकागोच्या ऑस्वाल्ड ब्रूस कूपर याने काढलेली ही अक्षरं १९२२ मध्ये बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या कंपनीने बाजारात आणली. अक्षरांच्या टोकांना आडवे पाय आहेत, पण तेही वितळल्यासारखे मऊ. जाहिरातदारांनी हा फॉन्ट उचलून धरला. १९६६ मध्ये बीच बॉइज या गायकवृंदाच्या 'पेट साउंड्स' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तो झळकला. शंभर वर्षं उलटली तरी दुकानांच्या पाट्यांवर आणि टी-शर्टांवर तो अजून दिसतो.

दुसरी कथा जास्त शिकवणारी आहे. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये व्हिन्सेंट कोनारे याच्यासमोर 'बॉब' या नव्या प्रणालीचा कच्चा नमुना आला. पडद्यावर एक कार्टून कुत्रा बोलत होता, आणि त्याच्या तोंडून निघालेल्या फुग्यातली अक्षरं होती वृत्तपत्री वळणाची, टाइम्स न्यू रोमनची. कोनारेला ते खटकलं. त्याच्याजवळ बॅटमॅनची आणि 'वॉचमेन'ची चित्रपुस्तकं होती. त्यांतल्या हाताने लिहिलेल्या संवादांकडे पाहून त्याने नवी अक्षरं काढली. 'बॉब'साठी ती वेळेत तयार झाली नाहीत, पण पुढे विंडोज ९५ बरोबर घरोघरी पोहोचली. त्यांचं नाव कॉमिक सॅन्स.

मग ती कुठेही दिसू लागली. पार्किंगच्या सूचना, दवाखान्यातले फलक, कार्यालयीन पत्रं, सगळीकडे कॉमिक सॅन्स. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज बोसॉनचा शोध जाहीर झाला, तेव्हा फाबिओला जियानोत्ती यांच्या सादरीकरणातली अक्षरंही याच फॉन्टची होती, आणि त्या दिवशी जगात शोधाइतकीच फॉन्टचीही चर्चा रंगली. या फॉन्टवर बंदी घाला म्हणणारी मोहीम त्याच्या कितीतरी आधीच सुरू झाली होती. खरं तर कोनारेच्या अक्षरांत खोट नव्हती. कार्टून कुत्र्याच्या तोंडी ती शोभलीच असती. आजही ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशन वाचनाची अडचण असलेल्यांसाठी सुचवलेल्या फॉन्टांत कॉमिक सॅन्सचं नाव घेते, कारण त्याची अक्षरं एकमेकांवर गर्दी करत नाहीत. फॉन्टची बदनामी झाली ती चुकीच्या जागी वापरल्यामुळे.

४. देवनागरीची अडचण कुठे आहे?

इंग्रजी अक्षर जाड करणं तुलनेने सोपं. 'ओ'च्या पोटात एकच पोकळी असते. रेघ जाड केली की पोकळी लहान होते, पण उरते. आता 'झ', 'क्ष', 'ज्ञ', 'ळ', 'ह' आठवून पाहा. एकेका अक्षरात वळणं, गाठी, दोन-तीन पोकळ्या आणि वर शिरोरेषा. त्यावर मात्रा, अनुस्वार, रफार. खाली उकार किंवा ऋकार. 'द्ध' आणि 'ट्ट' यांसारख्या जोडाक्षरांत तर एकाच्या पोटाखाली दुसरं बसतं. रेघ जाड करत गेलं की या सगळ्या पोकळ्या बुजतात आणि अक्षराचा काळा ठोकळा उरतो.

आणखी एक अडचण लेखणीची आहे. देवनागरीला रूप आलं ते तिरप्या छेदाच्या बोरूने लिहिताना. बोरूची रेघ एका दिशेने जाड, दुसऱ्या दिशेने बारीक येते, आणि त्यामुळे गुंतागुंतीच्या जागी आपोआप जागा सुटते. गोल टोकाच्या पेनाने किंवा स्केचपेनने लिहिलेलं अक्षर मात्र सगळीकडे सारखंच जाड असतं. गोलमटोल फॉन्ट करणाऱ्याला बोरूची ही मदत सोडून द्यावी लागते आणि जागा कुठून काढायची हे प्रत्येक अक्षरागणिक नव्याने ठरवावं लागतं.

बैठकीचाही प्रश्न आहे. इंग्रजी अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, देवनागरी अक्षरं शिरोरेषेला लटकतात. तळाशी गोल असणारं अक्षर डोळ्यांना किंचित आखूड भासतं. 'ट' आणि 'ठ' यांचा तळ 'त'च्या दंडाइतकाच खाली आणला तर ते वर उचलल्यासारखे दिसतात. म्हणून गोल तळ थोडा आणखी खाली ओढतात. फॉन्टमधली सगळीच अक्षरं गोल झाली की हा हिशेब दर अक्षराला करावा लागतो.

कॉम्प्युटरवर मराठी आल्यानंतरही कितीतरी वर्षं मुख्य धडपड साधं, वाचता येणारं अक्षर मिळवण्याचीच होती. रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी घडवलेला 'मंगल' विंडोजबरोबर आला आणि युनिकोड मराठी घराघरात पोहोचली. मजेदार अक्षरांचा विचार त्यानंतरचा.

५. मोदक

मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने २०१५ मध्ये 'मोदक' हा फॉन्ट सर्वांसाठी खुला केला. त्याची देवनागरी अक्षरं सारंग कुलकर्णी यांची आणि इंग्रजी अक्षरं मैथिली शिंगरे यांची. देवनागरीतला बहुधा सर्वांत गुबगुबीत फॉन्ट, अशी त्याची ओळख त्याच्या कर्त्यांनीच करून दिली आहे. फॉन्ट समोर ठेवला की ती पटते.

सुरुवात झाली ती हाताने काढलेल्या कच्च्या अक्षरांपासून. त्यांच्यावर प्रयोग होत गेले आणि विचाराची दिशाच उलटी झाली. एरवी चित्रकार काळी रेघ काढतो आणि तिच्यामधून उरेल ते पांढरं. 'मोदक'मध्ये पांढऱ्याला आधी मान मिळाला. अक्षराच्या पोटातल्या पोकळ्या आक्रसून केसासारख्या बारीक रेघा झाल्या. काळं अंग फुगून जवळजवळ एकसंध झालं, आणि अक्षराची ओळख त्या बारीक पांढऱ्या फटींवर आली. उकडीच्या मोदकाच्या पारीवर चिमटीने घातलेल्या कळ्या जसा मोदकाला आकार देतात, तशा या फटी अक्षराला आकार देतात. नाव अगदी चपखल बसलं आहे.

पांढऱ्या रेघेवर अक्षर ओळखायचं, तर त्या रेघेचं प्रत्येक वळण अचूक हवं. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ', 'प' आणि 'ष' या जोड्यांत फरक थोडासाच असतो. बारीक फटीने तो फरक सांगायचा म्हणजे फट कुठे सुरू होते, कुठे वळते आणि कुठे थांबते यावर सगळं अवलंबून. शिरोरेषा आणि अक्षराचं अंग यांच्यामध्येही असाच हिशेब. एवढ्या चणचणीत मात्रा, रफार आणि जोडाक्षरं बसवणं हे कामाचं खरं मोठेपण आहे. पाहणाऱ्याला फक्त मजा दिसते. ती मजा दिसावी म्हणून झालेली मेहनत दिसत नाही, आणि चांगल्या मथळ्याच्या फॉन्टची हीच पावती आहे.

आता एक छोटं गणित. 'मोदक'सारख्या फॉन्टमधली पांढरी फट अक्षराच्या मापाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी आहे असं समजू. पुस्तकात मजकूर साधारण १२ पॉइंटात असतो. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणजे १२ पॉइंट झाले सुमारे ४.२ मिलिमीटर. त्याचा पन्नासावा हिस्सा ०.०८ मिलिमीटर. निरोगी डोळ्याला ४० सेंटीमीटर अंतरावरून साधारण ०.१२ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. म्हणजे त्या मापात फटी दिसणारच नाहीत आणि ओळीभर काळे डाग उमटतील. तेच अक्षर ३०० पॉइंटांत घ्या. फट होईल २ मिलिमीटरहून थोडी मोठी, आणि हातात धरलेल्या पत्रिकेवर ती लख्ख दिसेल.

दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या गणितातच मिळतं. असा फॉन्ट परिच्छेदासाठी घडवलेलाच नसतो.

६. बालू आणि त्याचे भाऊ

'मोदक' दोनच लिप्यांचा. पुढच्या वर्षी, २०१६ मध्ये, त्याच गटाने 'बालू' आणला. किपलिंगच्या 'जंगल बुक'मधल्या अस्वलाचं नाव घेतलेला हा फॉन्टही जाड आणि गोल, पण 'मोदक'इतका टोकाला गेलेला नाही. पोटात पुरेशी जागा ठेवल्यामुळे तो लहान मापातही वाचता येतो.

'बालू'चं वेगळेपण त्याच्या व्याप्तीत आहे. देवनागरीबरोबर तो बंगाली, गुजराती, गुरुमुखी, ओडिया, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि उर्दू लिपींतही निघाला, आणि दर लिपीत त्याच्या नावापुढे तिथलं भावाचं संबोधन लागलं. बंगालीत 'बालू दा', गुजरातीत 'बालू भाई', पंजाबीत 'बालू पाजी', तमिळमध्ये 'बालू तंबी', तेलुगूत 'बालू तम्मुडू', मल्याळममध्ये 'बालू चेट्टन', उर्दूसाठी 'बालू भाईजान'. प्रत्येक लिपीचं वळण वेगळं. ओडिया मुळात गोल, गुरुमुखीला देवनागरीसारखी वरची रेघ, तमिळमध्ये काटकोन जास्त. सगळ्यांत एकच स्वभाव उतरवायचा आणि कोणत्याही लिपीला दुसरीच्या साच्यात कोंबायचं नाही, हे पथ्य पाळायचं होतं. सोलापूरसारख्या शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू शेजारी-शेजारी नांदतात. तिथे एकाच फलकावर तीन लिप्या एका घरच्या दिसणं ही मोठी सोय आहे.

पहिल्या 'बालू'त एकच जाडी होती. 'बालू २' मध्ये साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच जाड्या मिळतात. शीर्षक सर्वांत जाड, खालची ओळ मध्यम, पत्ता साधा, अशी मांडणी एकाच फॉन्टमध्ये जमते.

याच काळात खुल्या फॉन्टांत आणखीही गमतीदार भर पडली. मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी 'यात्रा वन' केला. जॉनी पिनहॉर्न यांच्या गुजराती 'श्रीखंड'मागेही रस्त्यावरच्या रंगवलेल्या अक्षरांचीच प्रेरणा आहे. फ्लेक्स आल्यावर पेंटरची कामं गेली, पण त्यांच्या हाताचं वळण असं काही फॉन्टांत उतरलं, ही समाधानाची गोष्ट आहे.

७. एका शब्दामागचे संकेत

फॉन्ट म्हणजे अक्षरांच्या चित्रांची नुसती पेटी असती, तर मराठी कधीच नीट उमटली नसती. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा एक गट राखलेला आहे, आणि त्यात जोडाक्षरं नाहीत. 'स्त्री' हा शब्द संगणक सहा संकेतांत साठवतो: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. डोळ्यांना मात्र एकच जोडाक्षर दिसतं. सहा संकेतांचं एक चित्र कसं करायचं याचे नियम फॉन्टमध्येच लिहिलेले असतात. म्हणून देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो चित्रं लागतात.

'क्षि' घ्या. टंकताना वेलांटी शेवटी येते, दिसते मात्र सर्वांत आधी. शिवाय तिची कमान 'क्ष'च्या दंडापर्यंत पोहोचायला हवी, आणि 'क्ष' रुंद आहे. 'रि'ची वेलांटी 'क्षि'ला लावली तर ती मध्येच तुटल्यासारखी दिसते. चांगल्या फॉन्टमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या असतात आणि समोरच्या अक्षरानुसार त्यांची निवड होते. गुबगुबीत फॉन्टमध्ये सगळीच अक्षरं रुंद, त्यामुळे ही सोय नसेल तर दोष लगेच नजरेत भरतो.

मराठीच्या स्वतःच्या काही गरजाही आहेत. 'वाऱ्यावर' आणि 'दऱ्या' यांतला अर्धा र, 'ॲड.' मधला ॲ, आणि अर्थातच ळ. ल आणि श यांची तर दोन-दोन रूपं आहेत. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या आदेशात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले आहेत. युनिकोडमध्ये दोन्ही रूपांसाठी संकेत एकच असल्यामुळे कोणतं रूप दिसेल हे फॉन्ट ठरवतो. अनेक फॉन्टांत आधी हिंदी वळणाचं रूप दिसतं, आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडल्यावर मराठी रूप येतं. ही निवड करायला क्षण लागतो, पण मराठी पाट्यांवर तेवढंही केलेलं फार कमी दिसतं. बालवाडीच्या फलकावर तरी मुलांना शाळेत शिकवतात तोच ल दिसायला हवा.

८. फ्लेक्स, पाटी, पत्रिका

वापराच्या चुका ठरलेल्या आहेत, आणि सगळ्या टाळता येण्यासारख्या आहेत.

पहिली चूक म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवणं. इंग्रजीत अक्षरं लांब-लांब केली तर फार बिघडत नाही. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळ लांबवायचीच असेल तर शब्दांमधली जागा वाढवावी किंवा माप मोठं करावं.

दुसरी चूक किनारीची. फ्लेक्स करणाऱ्यांना अक्षराला पिवळी किंवा पांढरी जाड किनार द्यायला आवडतं. फॉन्टमध्ये शेजारची अक्षरं शिरोरेषेपाशी एकमेकांवर थोडी चढलेली असतात, तेव्हाच रेघ सलग दिसते. किनार दिली की प्रत्येक अक्षराची कड वेगळी उमटते आणि शिरोरेषेवर उभे चरे दिसू लागतात. कोरल ड्रॉमध्ये आधी अक्षरं कर्व्ह करून, वेल्ड करून मग किनार दिली तर हे टळतं. 'मोदक'मध्ये किनार आणखी सांभाळावी लागते. ती आतल्या बाजूलाही पसरली तर बारीक फटी बुजतात आणि शब्दच वाचता येत नाही. किनार बाहेरच्याच बाजूला हवी.

तिसरा मुद्दा अंतराचा. दहा मीटरवरून डोळ्याला साधारण ३ मिलिमीटरचा तपशील वेगळा दिसतो. मघाचं गणित लावलं, तर फट ३ मिलिमीटर होण्यासाठी अक्षराचं माप १५ सेंटीमीटर हवं. रस्त्यापलीकडून, वीस मीटरवरून वाचायची पाटी असेल तर ३० सेंटीमीटर. एवढी जागा नसेल तर 'मोदक'चा हट्ट सोडून 'बालू' घ्यावा.

पाट्यांच्या बाबतीत कायदाही लक्षात घ्यावा लागतो. २०२२ मधल्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात लहान दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपींपेक्षा लहान नकोत अशी अट आली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. इथे पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नये. एकाच मापात इंग्रजी मोठी लिपी आणि मराठी अक्षर उंचीला सारखी असतीलच असं नाही. समजा, छापून पाहिल्यावर इंग्रजी अक्षर ७० मिलिमीटर भरलं आणि शिरोरेषेपासून तळापर्यंत 'क' भरला ६०. तर मराठीचं माप ७० भागिले ६०, म्हणजे सुमारे १.१७ पट करावं. १०० पॉइंटांच्या इंग्रजीशेजारी ११७ पॉइंटांची मराठी. पट्टी लावून मोजलं की वाद राहत नाही.

मग ही अक्षरं शोभतात कुठे? बारसं, वाढदिवस, बालनाट्य, खेळण्यांचं दुकान, मिठाईचं पाकीट, मुलांच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, सोसायटीतल्या गणेशोत्सवाच्या स्पर्धांचा फलक. जिथे बोलावणं आहे, खाऊ आहे, खेळ आहे, तिथे ती आपल्या घरी असतात. श्रद्धांजलीचा फलक, न्यायालयाची नोटीस, विजेच्या धोक्याची सूचना आणि औषधाची मात्रा यांच्यासाठी ती नाहीत. त्या ठिकाणी वाचणाऱ्याला दिलासा, आदर किंवा सावधपणा हवा असतो. मुलांच्या पुस्तकातही मुखपृष्ठावरचं अक्षर आतल्या पानांत नेऊ नये. वाचायला शिकणाऱ्या मुलाला अक्षराचं स्पष्ट रूप दिसायला हवं, फटींवरून अंदाज बांधायला लागता कामा नये.

९. फुकट म्हणजे नेमकं काय?

'मोदक', 'बालू' आणि वर उल्लेख झालेले इतर खुले फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर मिळतात. त्यांचा परवाना 'ओपन फॉन्ट लायसन्स' या नावाने ओळखला जातो. त्यानुसार फॉन्ट उतरवून घेण्यासाठी पैसे लागत नाहीत. त्यात केलेली पत्रिका, पाटी किंवा पुस्तक विकता येतं, आणि त्यासाठी कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. फॉन्टमध्ये बदल करून नवा फॉन्टही काढता येतो, मात्र तो याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. नुसता फॉन्ट वेगळा विकायला मनाई आहे.

जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टांपेक्षा इथे आणखी एक मोठा फायदा आहे. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार भरलेले असत. दुसऱ्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की पत्रिकेचा मजकूर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन बसायचा. युनिकोड फॉन्टमध्ये मजकूर मराठीच राहतो. फॉन्ट बदलला तर फक्त रूप बदलतं, शब्द जागच्या जागी असतात.

फॉन्ट निवडण्याआधी एक ओळ टंकून पाहावी: 'उद्घाटन, वाऱ्यावर, ॲड., शाळा, स्त्री, क्षितिज, किल्ल्यांची'. यातलं एक जरी अक्षर तुटलं, चौकोन दिसला किंवा वेलांटी आखूड पडली, तर तो फॉन्ट कितीही गोड असला तरी मराठी पाटीसाठी घेऊ नये. तो पास झाला, तर भाषा 'मराठी' निवडावी, पाटीवरचा सर्वांत अवघड शब्द खऱ्या मापात एका कागदावर छापावा, तो भिंतीला लावावा आणि गिऱ्हाईक जिथून वाचणार आहे तिथे उभं राहून वाचून पाहावा. फ्लेक्स छापायला मगच द्यावा.